विझणारा गिझर

“तात्या, गिझरच्या बटणाशी खेळू नका, किती वेळा सांगायचं?” बेसिनपाशी दाढी करणारा हेमंत न्हाणीघरातल्या वडिलांवर ओरडला.

महिनाभर हा गॅसचा गिझर मध्येच विझत होता. सेल बदलून झाले. मेकॅनिक आला, तेव्हा मात्र शहाण्यासारखा पेटत राहिला. म्हणजे दोष म्हाताऱ्याच्या चाळ्यांचा, असं हेमंतने काल पाहुण्यांसमोरही बोलून दाखवलं होतं.

रेझर धुऊन त्याने बेसिनचा धो धो वाहणारा नळ बंद केला. तोच आत ठिणगीची टकटक झाली आणि गिझर भपकन पेटला. हेमंत थबकला. त्याने नळ पुन्हा सोडला. आतली धार बारीक झाली, गिझर विझला. दोन्हीकडे पाणी एकाच पाइपातून येत होतं. रोज दाढी करताना तोच तात्यांच्या अंगावर गार पाणी ओतत होता.

दार उघडलं. पंचा गुंडाळलेले तात्या कुडकुडत उभे होते. हेमंतची मान वर होईना.

“आज बटणाला हात नाही लावला रे,” ते हळूच म्हणाले. “राहू दे, मेकॅनिक नको बोलावूस. मला गार पाण्याची सवय झालीय.”