नदीची बाजू

“दोर इतका ताणू नकोस, तुटेल एक दिवस,” ताईने बजावलं होतं. धाकटीने ते हसण्यावारी नेलं. बाळ अंगावर पिणारं, झोपेचं खोबरं. दोर सैल सोडायला सवड कुणाला होती?

आज मात्र ताईने बाळ जवळजवळ हिसकावूनच घेतलं. “जा त्या रोज फिरणाऱ्या मंडळींबरोबर. पाय मोकळे करून ये.”

फिरणाऱ्यांच्या म्होरक्या एक बाई होत्या. त्यांची एक रीत होती. निघताना प्रत्येकाच्या कानात एक नाव सांगायचं. चौकात पोचेपर्यंत त्या माणसाला सांभाळायचं, पण त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. शेवटी सगळ्यांनी उलगडा करायचा.

तिच्या कानात बाई पुटपुटल्या, “घड्याळवाले आजोबा. तोल जातो त्यांचा.”

झालं! तिचा जीव टांगणीला लागला. आजोबा नेमके नदीच्या काठाकाठाने चालत होते.

“आजोबा, आत या ना. इथे कठडासुद्धा नाही.”

“पाण्यावरचा वारा बरा वाटतो गं.”

ती पाणी बघायला थांबली की तेही थांबत, आणि पुढ्यात येऊन उभे राहत. काही दिसू देतील तर शपथ! पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार?

आणि आपल्यावर कुणाची नजर आहे? हे कुतूहल काही केल्या जाईना. शिंपीणकाकूंनी तर पुलापासून तिचा दंड धरला होता.

“काकू, खरं सांगा. तुमच्या कानात मीच ना?”

“छे! माझा गुडघा कुरकुरतोय. फुकटची काठी मिळाली, सोडते की काय?”

पुढचा चढ मात्र काकूच तिला ओढत चढल्या.

बेकरीवाल्या काकांनी पिशवीतून पाव काढला. “शिळा आहे, फेकवत नाही. खाऊन टाक.” पाव गरम होता. मग हेच असणार, तिने मनाशी पक्कं केलं.

जुन्या बाजाराच्या वेशीत दगडातच कोरलेली, धान्य मोजायची खोलगट मापं होती. काठ हातांनी झिजून गुळगुळीत झालेले. कितीतरी दिवसांनी तिला एखाद्या गोष्टीला हात लावून बघावंसं वाटलं. पलीकडे उंच मनोरा होता. दार उघडंच होतं.

“वर जाऊ या?” तिने विचारलं.

“आज बंद आहे,” बाई मागे न बघता म्हणाल्या.

चौकात सगळे पारावर टेकले. आजोबा धडधाकट पोचले होते. तिने सुटकेचा निःश्वास सोडला आणि टाळी वाजवली. “माझ्याकडे आजोबा होते! आता सांगा, मी कुणाकडे होते?”

काका रिकामी पिशवी झटकत बसले. काकूंनी अजून दंड सोडला नव्हता.

शेवटी आजोबाच हळू आवाजात म्हणाले, “पोरी, आमच्या सगळ्यांच्या कानात तूच होतीस. मी पट्टीचा पोहणारा, म्हणून नदीची बाजू माझी. तुला पोहता येत नाही, पाण्याजवळ एकटी सोडू नका, असं तुझ्या ताईने काल आम्हा सगळ्यांना सांगितलंय.”