चुन्याशिवाय

पिंप उघडायला अजून दहा मिनिटं होती. तेन्मोळीनं तेवढ्यात चार वेळा घड्याळ पाहिलं, दोनदा दारापर्यंत जाऊन आली.

तमिळनाडूतल्या आंबूरच्या या कातडी कमावण्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेतून ती तिसऱ्यांदा आली होती. पिंपात बकऱ्यांची वीस कातडी होती. केस सुटावेत म्हणून घालतात तो चुना नाही, जहाल क्षार नाही. फक्त जंतूंनी तयार केलेला रस. जंतू कारखान्यामागच्या मातीतले. केसांचा कचरा तिथं पडतो आणि मातीच त्याला खाऊन टाकते, हे तिला इथल्या जुन्या कामगारानं, मुनुसामीनं दाखवलं होतं. सत्तावीस वर्षं चुन्याच्या कुंडात हात घालून त्याच्या बोटांवर ठसे उरले नव्हते. रेशनच्या मशीनला तो माणूस वाटतच नसे.

मागच्या दोन्ही खेपांना केसांबरोबर कातड्याचा वरचा पापुद्राही गेला होता.

“आज माल बिघडला तर पुन्हा फाटकात दिसू नका, मॅडम,” मालक झुबेरसाहेब म्हणाले.

“काढा, अण्णा,” ती मुनुसामीला म्हणाली.

त्यानं पहिलं कातडं फळीवर पसरलं, नुसता तळहात फिरवला. केस गुंडाळत निघून आले. खाली कातडं नितळ, पांढरं. झुबेरसाहेबांनी ते उजेडात धरलं, दुमडलं, नखानं ओरबाडून पाहिलं. पापुद्रा उठला नाही.

“हात जराही चुरचुरत नाहीत, अम्मा!” मुनुसामी हसला. कुंडावरचे बाकीचेही येऊन हात लावून गेले. तेन्मोळीनं कितीतरी वेळानं श्वास सोडला.

“छान,” झुबेरसाहेब म्हणाले. “कुंडावर आज आठ जण आहेत. यापुढं किती लागतील?”

आकडा तिच्या अहवालात होता. फायद्याच्या रकान्यात.

“बोला ना.”

“दोन.”

मुनुसामीनं दुसरं कातडं फळीवर ओढून घेतलं.

“अम्मा, ते तुमचे जंतू खातात काय?”

“कोंडा. थोडा गूळ.”

“रोज लागतं?”

“रोज.”

“आणि नाही मिळालं तर?”

“मरतात.”

“मग आमच्यातलेच की,” तो म्हणाला, आणि कातड्यावरून तळहात फिरवू लागला.