खिडकीजवळची खुर्ची

"तिकडे नको, इथे बैस," म्हणत थोरल्या साडूंनी खिडकीजवळचं टेबल पुसलं. "आज तुझी जागा ही."

धाकटा साडू बसला. दुपारच्या जेवणाची गर्दी नुकतीच ओसरली होती. सूपच्या मोठ्या भांड्यांतून वाफ निघत होती आणि भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाचा वास दुकानभर दरवळत होता. त्या वासानेच त्याच्या पोटात दुखायला लागलं.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. आधी दोघांची नोकरीही एकाच कंपनीत, दारोदार फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायची. धाकट्याला या धंद्यात आणलं थोरल्यांनीच. बेल कशी वाजवायची, दार उघडल्यावर किती मागे सरायचं, सगळं शिकवलं. त्यांचा एक नियम मात्र धाकट्याला कधी पचला नाही. "दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवू नकोस," ते म्हणायचे. "गिऱ्हाईक माल विसरतं, तोंड लक्षात ठेवतं."

मग एके दिवशी थोरल्यांनी गळ्यातला टाय काढून ठेवला आणि एका खाद्यकंपनीची फ्रँचायझी घेतली. नाव कंपनीचं, कृती कंपनीची, घाम आपला. सहा महिन्यांत गाशा गुंडाळतील, असं धाकटा नातेवाइकांत सांगत फिरला. सहा महिन्यांनी दुकानाबाहेर रांग लागली.

"ताई म्हणत होती, दुकानात आता उभं राहायला जागा नसते," बायको कौतुकाने म्हणाली.

"मग बसायला सांग," धाकटा म्हणाला आणि ताटावरून उठला.

त्याच आठवड्यात तो कोणाला न सांगता खाद्यकंपनीच्या कचेरीत जाऊन आला. मलाही दुकान हवंय, म्हणाला. तिथल्या माणसाने त्याचं नाव-गाव लिहून घेतलं आणि सांगितलं, "तुमच्या भागात एक दुकान आहे. सध्या तरी एकच."

त्या दिवसापासून धाकट्याला ते दुकान आपलंच वाटू लागलं. फक्त आत दुसराच कोणीतरी उभा होता.

"गुरुवारी नक्की ये हं," थोरल्यांनी या खेपेला दोनदा फोन केला होता. जेवू घालायची त्यांना हौसच. तरी धाकट्याने मनात म्हटलं, मला भरलेलं दुकान दाखवायचं असेल.

दार उघडून एक बाई आत आल्या. चष्मा, साधी पर्स, पायांत मऊ बूट. थोरले पुढे झाले. बाकीची टेबलं रिकामी असताना त्यांनी बाईंना धाकट्याच्या समोरची खुर्ची दिली. "इथे चालेल ना?" एवढंच म्हणाले आणि दोघांपुढे सूप ठेवून आत निघून गेले.

बाईंनी दोन चमचे घेतले आणि चमचा खाली ठेवला. सूप निवत चाललं. त्या शांतपणे सगळीकडे बघत होत्या.

धाकट्याला एकदम आठवलं. थोरल्यांनीच मागे हसत सांगितलं होतं, कंपनी अधूनमधून गुपचूप चव बघणारं माणूस पाठवते. गिऱ्हाईक बनून येतं, खातं, जातं. दोनदा वाईट शेरा पडला की दुकान काढून घेतात. आणि हा भोळा सांब तिलाच खिडकीजवळच्या टेबलावर बसवून आत पाव कापत बसला होता. दारात देव आला तरी ओळखणार नाही.

माणसं ओळखणं धाकट्याची रोजीरोटी होती.

"नेहमी येता इथे?" बाईंनीच विचारलं.

"येतो. जवळ दुसरं काही नाही म्हणून."

"मालक ओळखीचे?"

"छे. तोंडओळख."

बाईंनी मान हलवली. "चव कशी वाटते तुम्हाला?"

थोरल्यांचा नियम त्याच्या कानात वाजला. मनात कली शिरला की कान बंद व्हायला वेळ लागत नाही.

"खरं सांगू? कालचं उरलेलं आज गरम करून वाढतात," तो हळू आवाजात म्हणाला. "ज्या फडक्याने टेबल पुसतात, त्यानेच भांडी. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"असं?"

"बोलायला गोड आहेत. पण जन्मभर यंत्रं विकलेला माणूस, त्याला स्वयंपाकातलं काय कळणार? एखादा आजारी पडेल, तेव्हा कंपनीला जाग येईल."

"तुम्ही काय करता?"

"मीही विक्रीतलाच. पण आमचं काम प्रामाणिकपणाचं."

"तुम्ही चालवलं असतं हे दुकान, तर?"

धाकट्याने पहिल्यांदा मनापासून दुकानावर नजर फिरवली. लखलखीत काउंटर, टोपल्यांतले पाव, दारात उभी राहिलेली आई आणि तिचा हात ओढणारी मुलगी. त्याचा आवाज नकळत मऊ झाला. "सोन्यासारखं चालवलं असतं हो."

 बाईंनी सूपची वाटी जवळ ओढली आणि सगळं सूप संपवलं. पावाच्या तुकड्याने वाटी पुसून घेतली. हे धाकट्याला जरा चमत्कारिक वाटलं.

थोरले हात पुसत बाहेर आले. चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता. त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं ना बोलणं, मॅडम? बसस्टँडजवळचं नवं दुकान ज्यांना द्या म्हणून महिनाभर तुमच्या मागे लागलोय, ते माझे साडू हेच. यांना मी मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, माणूस कसा आहे ते तुम्हीच बघा."