दोन कळांची हाक

‘ये’ आज खोडायचंच, असं ठरवून तिने पलंगाला लावलेलं चाकांचं टेबल हळूच आपल्याकडे ओढलं. टेबलावर बाबांचा कॉम्प्युटर होता. बाबा जेवून झोपले होते. उजवा हात उशीवर पडला होता, कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा.

बाबांनी अडतीस वर्षं वेधशाळेत काळ्या पडद्यासमोर काढली. त्या पडद्यावर चित्रं नसतात, बटणं नसतात. आज्ञा टाइप करायची आणि उत्तराची वाट बघायची. माउसला त्यांनी कधी हात लावला नाही. “उंदीर पकडायचा असतो, कुरवाळायचा नसतो,” म्हणायचे. ही विद्या त्यांनीच तिला शिकवली आणि त्याच विद्येवर आज घर चालत होतं. त्यांचा एक नियम होता: लांबलचक आज्ञेला नावं ठेवत बसू नये, सरळ एक नाव ठेवावं. पाच ओळींचं काम एका नावाखाली बांधून टाकलं, की पुढे नुसतं ते नाव टाइप केलं तरी भागतं. याला ते फंक्शन म्हणत.

चार महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डाव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं. तेव्हा नावं ठेवायची पाळी तिच्यावर आली. ‘वाच’ टाइप केलं की वर्तमानपत्र उघडायचं. ‘गा’ म्हटलं की रेडिओ लागायचा. आणि ‘ये’. वाय आणि ई, दोनच कळा. त्या दाबल्या की तिचा फोन वाजायचा, ती असेल तिथे.

आणि तो वाजायचाच! शुक्रवारी तीनदा वाजला. साडेदहाला तिने शेजारच्या मावशींना बघायला पाठवलं, तर चादर घसरली होती. एक वाजता पाठवलं, तर चष्मा सापडत नव्हता. सव्वातीनला मावशी घरी नव्हत्या. ती मीटिंग अर्धी टाकून, दोन बस बदलून, धापा टाकत आली, तर काहीच झालं नव्हतं. बाबा नुसते तिच्याकडे बघत राहिले. लांडगा आला रे आला, दुसरं काय!

“बाबा, मला नोकरी करू द्याल की नाही?” तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

शनिवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. “मॅडम, एक तर घर सांभाळा, नाही तर ऑफिस. पुन्हा सांगणार नाही.”

आज रविवार, तरी बारा वाजता त्यांनी ‘ये’ दाबलं होतं. पाणी हवं होतं. ती दहा पावलांवर स्वयंपाकघरात होती, तरी फोनच वाजला.

ती दमली होती. झोपून उठली तरी दमलेलीच असायची. ‘ये’ काढलं की बाबांना हाक मारायला काही उरणार नाही, हे तिला ठाऊक होतं. मावशी दहाला आणि चारला डोकावतात, तेवढं पुरे, असं तिने स्वतःला समजावलं. ते पटलं नाही. पण न पटलेल्या गोष्टीशी भांडायलाही अंगात त्राण लागतं.

काहीही पुसण्याआधी नोंद बघायची, ही ऑफिसातली सवय. काय टाइप केलं आणि किती वाजता, हे सगळं यंत्र लिहून ठेवतं. तिने शुक्रवार काढला.

‘ये’. ‘ये’. ‘ये’. तिने बोट ठेवून मोजलं. चौदा.

फोन तर तीनदाच वाजला होता. तिने पुन्हा मोजलं. चौदाच. गुरुवारी नऊ, त्या दिवशी फोन दोनदा आला होता.

उरलेल्या हाका गेल्या कुठे? आपलंच फंक्शन बिघडलं असेल, आणि त्यातली एखादी हाक खरोखरची असेल तर? आपण चिडत बसलो त्या तीन हाकांवर, आणि माणूस इथे बोट दाबून दाबून थकला!

घाईघाईने तिने फाईल उघडली. तिच्या पाच ओळी जागच्या जागी होत्या. त्यांच्या वर आणखी चार ओळी होत्या. त्या तिच्या नव्हत्या. शेजारी तारीख घातलेली. वेधशाळेची शिस्त. तारीख होती तिने ‘ये’ बनवून दिल्याच्या तिसऱ्या दिवसाची.

ओळी साध्याच होत्या. आधीचा फोन लागून दोन तास झाले नसतील, तर पुन्हा लावू नये. पडद्यावर निरोप दाखवावा आणि थांबावं. निरोप मात्र दुसऱ्या फाईलीत ठेवलेला होता.

एका बोटाने या चार ओळी लिहायला किती दुपारी लागल्या असतील, याचा हिशेब तिला करवेना. तिने पलंगाकडे पाहिलं. बाबांचा श्वास संथ चालला होता.

घड्याळात सव्वा वाजला होता. तिने फोन मांडीवर घेतला आणि बाबांच्यासारखं डाव्या हाताच्या एकाच बोटाने टाइप केलं. वाय. ई.

फोन वाजला नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली:

“आत्ता नको. दमली असेल ती.”