खटका वाजला का?

"पोरी, खटका वाजल्याशिवाय विमानाच्या वर उचललेल्या दाराखाली उभी राहू नकोस." विमानं दुरुस्त करणाऱ्या टिळेकर मिस्त्रींचं हे बोलणं ऋजुताने पूर्वी हसण्यावारी नेलं होतं.

आज तिच्या कडेवर लेक होती. नवऱ्याच्या जुन्या छोट्या विमानाला मिस्त्रींनी उघडं दार वर अडकवून ठेवणारा नवा खटका लावला, दार उचलून पंखाखाली दाबलं आणि म्हणाले, "बसला. ये, दाखव लेकीला."

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. "वाजला का हो, काका?"

मिस्त्री तिच्या ओठांकडे बघत होते. "वाजला की. खणखणीत."

तिच्या मनात पाल चुकचुकली. ती पुढे गेलीच नाही.

तेवढ्यात दार धाडकन खाली आलं. मिस्त्री पाठमोरे पान्हा पुसत होते. त्यांनी मानही वळवली नाही.

तुमच्या घरातही कुणी ओठांकडे बघत "ऐकलं, ऐकलं" म्हणत असेल, तर आजच त्यांना पाठीमागून हळूच हाक मारून बघा.