पोहऱ्याची खूण

लातूर नवा जिल्हा झाला त्या सालच्या दुष्काळात बहिऱ्या-मुक्या धुरपताबाईची हातची विहीर गेली. तहसीलदारापुढं तिनं पोहरा ओढल्याची खूण केली, छातीवर हात मारला, तळवा आडवा हलवला. दुभाष्या म्हणून आणलेल्या मूकबधिर शाळेच्या आप्पासाहेब मास्तरनं उलटंच सांगितलं, "बाई विहीर द्यायला व्हय म्हणतीय." विहीर त्याच्याच भावाच्या नावावर चढली. कोर्टात त्यानं हात झटकले, "तिची खूण मला कळलीच न्हाई." तोच मास्तर म्हातारपणी दुभाष्याच्या प्रमाणपत्रासाठी परीक्षेला बसला. समोर खुणा करायला धुरपताबाईनं मुद्दाम आपलं नाव दिलं होतं. कॅमेरा सुरू झाला. तिचे हात हलले: पोहरा, छाती, तळवा. चुकलं तर नापास. "विहीर माझी हाय," मास्तर घाम पुसत बोलला, "देणार न्हाई." "बरोबर," परीक्षक म्हणाले. धुरपताबाईनं कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं, दोन्ही हातांचा तराजू केला: कोर्ट. हीही खूण मास्तरला कळली.