मधली मोकळी जागा

धाकट्याने बॅगेची चेन ओढली आणि बॅग टेबलाखाली पायाशी ठेवली.

"दुपारी गिऱ्हाईक येतंय," दादा म्हणाला. "तोवर तुझा भाग सुधारला नाही, तर तो काढून टाकणार. मीच लिहीन नव्याने."

"लिही. मी चाललोच आहे. वेळ खातोय तो तुझा भाग. नाचता येईना..."

"अंगण वाकडं. ऐकलंय."

दोघे भाऊ एकाच टेबलाशी कोपराला कोपर लावून बसत. कंपनी म्हणजे ही एक खोली आणि पार्सलं वाटेला लावणारा त्यांचा एक प्रोग्राम. दादाचा भाग पत्ते वाचायचा, धाकट्याचा भाग कुठलं पार्सल कुठल्या पट्ट्यावर जाईल ते ठरवायचा. प्रोग्राम रांगत होता आणि आठवडाभर दोघे एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडत होते. आज मात्र बॅग भरलेली होती. हे नुसतं बोलणं नव्हतं.

समोर वहिनी बसली होती. ती दादाची बायको, पण मोजमापाला बसली की कोणाचीच कोणी नसे. म्हणून दोघांनी तिलाच मोजायला सांगितलं होतं. प्रोसेसरच्या आतच मोजणारे काउंटर असतात. किती सूचना पार पडल्या, किती वेळ नुसती वाट बघण्यात गेला, ते तिथल्या तिथे मोजतात. त्यांना थोरला-धाकटा कळत नाही.

तिने दादाचा भाग एकटा चालवला. मग धाकट्याचा एकटा. मग दोन्ही एकदम. आकडे बघून तिने दोन्ही पुन्हा एकदम चालवले.

"झालं का दुधाचं दूध?" दादाने विचारलं.

"दोघंही निर्दोष."

"असं कसं? प्रोसेसर तर पूर्ण गुंतलेला दिसतोय."

"दिसतोय. काम करत नाहीये. वाट बघतोय."

तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "एकेकटे सुसाट पळता. एकत्र आलात की दोघंही अडून बसता. हे बघ, आपापली पार्सलं मोजायला तुम्ही एकेक आकडा ठेवलाय. तुझा तू वाढवतोस, भावजींचा भावजी. कोणी कोणाच्याला हात लावत नाही. पण मेमरीत ते अगदी चिकटून आहेत, आणि प्रोसेसर एकटा आकडा कधी उचलत नाही, मेमरीची आजूबाजूची सगळी पट्टी उचलतो, तुझ्या भागासाठी एक प्रत, भावजींच्या भागासाठी दुसरी. तू तुझा आकडा बदललास की भावजींकडची पट्टी शिळी. त्यांनी ताजी मागवायची. त्यांनी बदलला की तुझी शिळी."

"म्हणजे आम्ही भांडतोय कशावरून?" धाकट्याने विचारलं.

"कशावरूनच नाही, भावजी. नुसते फार जवळ आहात."

दादाने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला. त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते लपवण्याची त्याची ही एकच रीत होती.

"शेजारी मीच ठेवले होते," तो म्हणाला. "अगदी पहिल्या दिवशी. म्हटलं, दोघांचे जवळ असावेत."

त्या दिवशी धाकटाही याच टेबलाशी बसला होता, आणि त्यालाही ते आवडलं होतं.

वहिनीने दोन आकड्यांच्या मधे जागा सोडली.

"तिथे काय ठेवायचं?" दादाने विचारलं.

"काही नाही. मोकळीच राहू दे."

तिने प्रोग्राम चालवला. स्क्रीनवरची पार्सलं भराभर वाटेला लागली. प्रोसेसरच्या काउंटरमधला वाट बघण्याचा आकडा खाली आला. तिघेही बघत राहिले, पण कोणी टाळी दिली नाही.

मग धाकट्याने खाली वाकून बॅग उचलली. दादाने दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

धाकटा खिडकीशी गेला. तिथल्या टेबलावरचा बिघडलेला प्रिंटर त्याने जमिनीवर ठेवला, बॅगेतून लॅपटॉप काढला आणि खुर्ची ओढून बसला. प्लगसाठी त्याने भिंत चाचपली. तिथे पॉइंट नव्हता.

दादा उठला. आपल्या टेबलाखालची एक्स्टेंशनची वायर सोडवत खिडकीपर्यंत घेऊन गेला.

"पुरतेय का?"

"पुरतेय." वायर ताठ झाली होती.

"ताणू नका," वहिनी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "थोडी सैल सोडा."